पाच व्होल्ट कुठे मोजायचे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. माझं सगळं आयुष्य टीव्हीच्या मागच्या बाजूला गेलं. तुमच्यापैकी जुन्या सभासदांच्या घरचा टीव्ही एकदा तरी माझ्या टेबलावर येऊन गेला असेल. त्यामुळं सेक्रेटरी म्हणाले, "त्या मशीनबद्दल दहा मिनिटं बोला," तेव्हा मी हो म्हटलं. मशीनबद्दल बोलायला मला कागद लागत नाही. पण आज मी कागद आणलाय, कारण मधला एक भाग असा आहे की कागद नसला तर मी तो गाळून टाकीन.

हॉलच्या त्या कोपऱ्यात कपाटाएवढं जे मशीन उभं आहे आणि सकाळपासून पोरं ज्याच्यापुढं रांग लावून आहेत, ते आपल्या आबांचं. गेल्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळी येणारे विषय' यात त्याचा विषय निघाला होता, आठवत असेल. जिन्याखालची खोली रिकामी करायची, त्यात एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन पडलंय, भंगारात काय येईल ते बघू, असं ठरत होतं. आबा तिसऱ्या रांगेत बसले होते, काही बोलले नाहीत. मी हात वर केला आणि म्हणालो, मला दोन महिने द्या. झालं नाही तर मीच भंगारवाल्याला बोलावतो.

नव्या पिढीला हे मशीन म्हणजे काय ते आधी सांगतो. आता मोबाइलमध्ये हजार गेम असतात. तेव्हा एक गेम म्हणजे एक अख्खं कपाट. अमेरिकेत 1972 साली अटारी कंपनीनं 'पाँग' आणला, 1978 ला जपानचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, 1980 ला 'पॅक-मॅन'. आपल्याकडं हे सगळं जरा उशिरा पोचलं. नव्वदच्या दशकात गावोगावी गेमची दुकानं निघाली. एका रुपयाला एक डाव. आबांनी एसटी स्टँडजवळ एका गाळ्यात हे एकच मशीन टाकलं होतं. आधी त्यात 'फायनल फाइट' होता, 1989 चा. नंतर आला 1993 चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव एकाही पोराला माहीत नव्हतं. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून अख्ख्या देशात त्या गेमलाच 'मुस्तफा' म्हणायचे. आपल्या राधानगरीतही तेच. शाळा सुटली की दप्तरं दाराबाहेर आणि पोरं आत. आज आपल्या सोसायटीत जे बाप लोक मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेतात, त्यातले चार-पाच तरी तिथं मला भेटलेत. नावं घेत नाही.

त्या 'पाँग'ची एक गोष्ट आम्हा दुरुस्तीवाल्यांत सांगितली जाते. पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत मालकाचा निरोप आला, मशीन बंद पडलं. ते बनवणारा इंजिनियर, अॅलन अल्कॉर्न, स्वतः बघायला गेला. उघडून बघतो तर मशीनला काहीच झालेलं नाही. नाणी पडायचा डबा काठोकाठ भरला होता, म्हणून पुढचं नाणं आत जात नव्हतं. म्हणजे या धंद्यातला पहिला बिघाड हा बिघाड नव्हताच. मी ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितलीय. आधी बघा, मग स्क्रू-ड्रायव्हर उचला. सांगणं सोपं असतं.

तर मशीन बाहेर काढलं. मदतीला दोघं होते, अकरावीतली एक मुलगी आणि आयटीआयला जाणारा एक मुलगा. पोरगा लगेच प्लग लावायला निघाला. म्हटलं, थांब. वीस वर्षं बंद पडलेल्या वस्तूला सरळ करंट द्यायचा नसतो. आधी मागचं फळकूट काढा आणि अर्धा तास नुसतं बघा.

काय दिसलं? खाली प्लायला वाळवी. उंदरांनी घरटं केलेलं, त्यासाठी दोन वायरींचं आवरण कुरतडलेलं. आणि सगळ्या धातूवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखा थर. आपल्या राधानगरीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने कपाटातले कपडे वास मारतात, चपलांना बुरशी येते. मग तांब्याच्या पिना कशा सुटतील? आणखी एक दिसलं. आत तळाला सुतळीनं बांधलेलं एक पोतं होतं आणि त्यात जुना बोर्ड. ते पोतं मी बाजूला ठेवलं. का ते पुढं येईल.

पहिलं काम मेन लाइनचं. जुनी वायर दोन पिनांची, अर्थिंग नाही. लोखंडी पत्रा असलेल्या मशीनला अर्थिंग नसणं म्हणजे खेळणाऱ्या पोराच्या जिवाशी खेळ. तीन पिनांची नवी वायर टाकली, फ्यूज योग्य बसवला.

दुसरं, पॉवर सप्लाय. तो 230 व्होल्टचे 5 आणि 12 व्होल्ट करतो. तपासताना बोर्ड आधी काढून ठेवायचा, कारण जुना सप्लाय कधीकधी जास्त व्होल्टेज सोडतो आणि मग बोर्डावरच्या आयसी एका क्षणात जातात. गाडीचा एक बल्ब लोड म्हणून लावला आणि मोजलं. 5 च्या जागी 5.7 येत होते. आतले कंडेन्सर फुगलेले. सप्लायच नवा टाकला. तो आजही सहज मिळतो.

तिसरं, मॉनिटर. ही जुनी काचेची पिक्चर ट्यूब. पोरांनो, हे नीट ऐका. मशीनचा प्लग काढला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ते रिकामे करायची पद्धत असते आणि ती शिकल्याशिवाय मागून हात घालायचा नाही. त्या दिवशी त्या दोघांनाही मी चार फूट लांब उभं केलं होतं. चालू केल्यावर पडद्यावर मधोमध एक पांढरी आडवी रेघ, बाकी अंधार. टीव्हीवाल्याला ही रेघ म्हणजे जुनी ओळखीची. चित्र वर-खाली पसरवणारा भाग काम करत नाही, एवढाच तिचा अर्थ. भिंग लावून बघितलं तर त्या आयसीच्या पायांचे डाग गोल तडकलेले. पुन्हा डाग दिले, तीन कंडेन्सर बदलले, चित्र उघडलं. आपला जुना टीव्ही सेकंदाला 15,625 रेघा ओढायचा आणि हे मशीनही जवळपास तेवढ्याच ओढतं. म्हणून तर गावातला टीव्ही मेकॅनिक गेमच्या मशीनला हात लावू शकायचा.

चौथं, बटणं आणि जॉयस्टिक. जॉयस्टिकच्या खाली चार छोटे स्विच असतात, चार दिशांचे. मल्टिमीटर 'पीं' करतो का बघत ते त्या मुलीनं एकटीनं तपासले. तीन खराब निघाले, बदलले.

आणि मग बोर्ड. मुस्तफाचा बोर्ड कनेक्टरमध्ये तसाच बसलेला होता. हा कनेक्टर 56 पिनांचा, दोन्ही बाजूंना 28-28. चालू केल्यावर गेम सुरू झाला, दोन मिनिटांनी चित्रावर चौकोनी ठिपके आले आणि मशीन आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा तेच. आयटीआयवाला म्हणाला, "काका, बोर्ड गेला."

ते ऐकून मी जरा वेळ गप्प बसलो. कारण हेच, अगदी हेच शब्द तीसेक वर्षांपूर्वी मी आबांना म्हणालो होतो.

आता तो कागदावरचा भाग.

तेव्हा 'फायनल फाइट'चा बोर्ड असाच वागत होता. मध्येच ठिपके, मध्येच पुन्हा सुरू. मी गेलो, सप्लायवर मीटर लावला, 5 व्होल्ट बरोबर आले. म्हटलं सप्लाय चांगला आहे, म्हणजे बोर्ड खराब. आबांनी विचारलं होतं, "नक्की काय रे?" मी म्हणालो, "शंभर टक्के." आबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन मुस्तफाचा बोर्ड आणला. मी तो बसवला आणि मशीन झकास चालू झालं. माझं निदान बरोबर ठरलं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. माझ्या वहीत ती नोंद अजून आहे: सप्लाय 5 ओके, बोर्ड बाद.

या वेळी मी त्या मुलीला सांगितलं, सप्लायवर मोज. 5.02. आता बोर्डावर, आयसीच्या पायावर मोज. 4.5. ती म्हणाली, "काका, अर्धा व्होल्ट कुठं गेला?" पोरगीनं प्रश्न बरोबर विचारला. मी तो तीस वर्षांपूर्वी विचारला नव्हता. या जातीच्या आयसींना 4.75 ते 5.25 व्होल्ट लागतात. 4.5 ला त्या बंद पडत नाहीत, पण भरवसा सोडतात. भाकरी अर्धी मिळालेला माणूस कामावर येतो, पण काम धड होत नाही, तसं.

कनेक्टर काढून बघितला. 5 व्होल्टच्या चार पिनांपैकी तीन काळ्या. तिथं गंज धरला की विजेला वाट अरुंद होते. चार अँपिअर करंट आणि अर्धा व्होल्ट हरवला, म्हणजे दोन वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनांत. पिना तापतात, तापल्या की आणखी काळ्या पडतात, मग आणखी तापतात. कनेक्टर नवा टाकला, बोर्डाची कड साध्या खोडरबरनं पुसली. पेन्सिलच्या मागच्या नव्हे, पांढऱ्या मऊ खोडरबरनं. मशीन दिवसभर चालवलं, एकदाही अडलं नाही.

मग मी ते पोतं सोडलं. 'फायनल फाइट'चा जुना बोर्ड, जो मी बाद ठरवला होता. त्याची कड बघितली. बरोबर 5 व्होल्टच्या जागी तीन पट्ट्या करपलेल्या. हा बोर्ड त्या दिवसापासून पोत्यातच होता, म्हणजे ते करपणं त्या दिवसाच्या आधीचं. कड पुसली, नव्या कनेक्टरमध्ये बसवला, चालू केला. चालला. तो बोर्ड कधीच खराब नव्हता.

मग तेव्हा नवा बोर्ड चालला कसा? त्याची कड नवी, स्वच्छ होती. शिवाय बसवताना कनेक्टर सैल वाटला म्हणून मी पक्कडीनं पिना जरा दाबल्या होत्या. दुरुस्ती झाली ती त्या पक्कडीनं. श्रेय गेलं बोर्डाला, पैसे गेले आबांचे. नवा भाग टाकला आणि वस्तू चालू झाली म्हणजे जुना भाग खराबच होता, असं होत नाही. हे मला पन्नास वर्षं मीटर हातात धरून आत्ता कळलं.

त्याच संध्याकाळी मी तो बोर्ड घेऊन आबांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. आबा ऐकून घेत होते. आक्का आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ते कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं. रुपया-रुपया मोजून. त्या वर्षी थोरल्याला सहलीला पाठवलं नव्हतं." एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "तेव्हा तुझी फी किती घेतलीस?" म्हटलं, "पंचाहत्तर रुपये." "दे की मग परत." मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. मी दिले, त्यांनी मोजले आणि खिशात ठेवले. मग म्हणाले, "हे हॉलमध्ये सांग. पोरं ऐकू देत." त्यांच्या परवानगीनंच सांगतोय. आबा, आक्का, चूक माझी होती.

आता दोन शब्द आपल्या सोसायटीबद्दल, मग बसतो.

आपल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे सगळ्यांनी बघितलेत. शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचं ते धरण. एक दरवाजा उघडला की 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. दाजीपुरात पाऊस किती पडला याच्याशी त्या दरवाजाला घेणं नसतं. आपल्या तोंडाशी पाणी कुठवर आलंय, त्यावर तो उघडतो. मोजायचं ते काम होतं तिथं मोजायचं. मी मोजलं होतं ते पाऊस पडतो तिथं.

आपल्या जिन्यातल्या भिंतीला ओल येते. आतापर्यंत दोनदा रंग दिला, तिसऱ्यांदा द्यायचं बोलणं चाललंय. ओल जिथं दिसते तिथून पाणी येतंय, हे कुणी तपासलंय का? गच्चीवरचा उतार, पाइपचा सांधा, टाकीचा तळ बघितलाय का? रंग दिल्यावर दोन महिने भिंत छान दिसते आणि आपण म्हणतो, झालं काम. तो आपला मुस्तफाचा बोर्ड. आदर्श उपविधींप्रमाणे आपण बांधकाम खर्चाच्या वर्षाला 0.75 टक्के दुरुस्ती निधीत आणि 0.25 टक्के सिंकिंग फंडात भरतो. तोही कुणाचा तरी रुपया-रुपया मोजलेला पैसा आहे. त्याच उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. आपण 25 पूर्ण केली. पुढच्या सभेत हा विषय आयत्या वेळी न येता विषयपत्रिकेवर यावा, एवढी चेअरमनसाहेबांना विनंती.

मशीन वापरायचे नियम थोडक्यात. नाण्याची फट जुन्या रुपयाची आहे. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा होता, 2011 पासूनचा 22 मिलिमीटरचा आहे, त्यामुळं आजचा रुपया आत चालत नाही. आक्कांनी घरातून जुन्या रुपयांचा एक डबा दिलाय. त्यातला रुपया घ्या, खेळा, रात्री आम्ही डबा पुन्हा भरून ठेवू. पैसे पडत नाहीत, फक्त रांग मोडायची नाही. पावसाळ्यात आत एक छोटा बल्ब जळत राहील, दमट हवा धरू नये म्हणून. तो कुणी वीज वाचवायला बंद करू नये. महिन्यातून एकदा तरी मशीन तासभर चालवायचं. सध्या मुस्तफा आहे, दिवाळीला 'फायनल फाइट' बसवू. मागचं दार उघडायची किल्ली दोघांकडंच, त्या मुलीकडं आणि त्या मुलाकडं, आणि ट्यूबला हात लावताना मी हजर पाहिजे.

दाराच्या आतल्या बाजूला एक वही बांधलीय. काय बिघडलं, कुठं मोजलं, किती आलं, काय बदललं, हे प्रत्येकानं तारखेसह लिहायचं. पहिली नोंद मी केलीय. जुना बोर्ड चांगला असताना बाद ठरवला, सप्लायवर मोजलं, बोर्डावर मोजलं नाही. खाली सही केलीय.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.